एफटीएल: फास्टर दॅन लाइट – सात सेक्टरांचं प्रेम आणि आठव्याची तक्रार

शून्यप्रहर

काल रात्री माझं केस्ट्रेल (या गेममधलं सुरुवातीचं अवकाशजहाज) पुन्हा आठव्या सेक्टरमध्ये फुटलं. बॉसचा तिसरा टप्पा, त्याच्या हलचे (जहाजाच्या सांगाड्याचे) चार पॉइंट शिल्लक आणि माझं शेवटचं क्षेपणास्त्र हुकलेलं. लॅपटॉप मिटला, दिवा घालवला, पण झोप लागेना. पाचव्या सेक्टरच्या दुकानात क्लोकिंग (जहाज थोडा वेळ अदृश्य करणारी यंत्रणा) समोर होतं, स्क्रॅपही (गेममधला पैसा) होतं, आणि मी ते सोडून चौथी बंदूक घेतली, हेच डोक्यात फिरत राहिलं. २०१२ सालचा, पिक्सेलच्या ठोकळ्यांनी बनलेला गेम माणसाला असा जागा ठेवतो, तर त्यावर नीट बोलायला हवं असं वाटलं, म्हणून हा धागा.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस हे दोघे शांघायमधल्या एका मोठ्या गेम स्टुडिओत नोकरीला होते. ती सोडून २०११ मध्ये त्यांनी सबसेट गेम्स या नावाने हा गेम करायला घेतला. २०१२ च्या सुरुवातीला किकस्टार्टरवर १०,००० डॉलर मागितले आणि लोकांनी २,००,००० च्या वर दिले. सप्टेंबर २०१२ मध्ये गेम आला. तुम्ही फेडरेशनच्या एका जहाजाचे कप्तान. बंडखोरांची गुप्त माहिती तुमच्या हाती लागली आहे आणि ती आठ सेक्टर पार करून आपल्या लोकांपर्यंत पोचवायची आहे. मागून बंडखोरांचा ताफा येतोय. तुमच्या प्रत्येक उडीबरोबर नकाशावरचा त्यांचा लाल पट्टा पुढे सरकतो. जहाज फुटलं की खेळ संपला, जुनं सेव्ह उघडून मागे जायची सोय नाही.

आता मला यात काय आवडतं ते. जहाज आपण वरून बघतो, छप्पर काढलेल्या घरासारखं. खोल्या, दारं, माणसं, बस्स. आत बसून जहाज उडवायचं नाही, ते चालवायचं, म्हणजे घर चालवतात तसं. रिअ‍ॅक्टरची वीज ठरावीक, आणि ती शील्ड, इंजिन, बंदुका, ऑक्सिजन, मेडबे (दवाखान्याची खोली) सगळ्यांत वाटायची. शील्डच्या एका थराला दोन बार लागतात. एक बार मेडबेला दिला तर तो कुठून तरी काढावाच लागतो. आणि स्पेसबार दाबला की सगळं थांबतं. पाहिजे तेवढा वेळ विचार करा, हुकूम द्या, पुन्हा सोडा. माझ्यासारख्या ज्याचे हात भराभर चालत नाहीत त्याला ही गोष्ट फार मोठी आहे.

परवाचा एक प्रसंग सांगतो. तिसरा सेक्टर, समोर मँटिसांचं, म्हणजे कीटकांसारख्या परग्रहवासीयांचं जहाज. दोन मँटिस माझ्या मागच्या खोलीत टेलिपोर्ट झाले. मँटिस हाणामारीत माणसाच्या दीडपट मार देतात, माझे तीन साधे खलाशी त्यांच्यासमोर टिकणार नव्हते. पॉज केलं. मागच्या खोल्यांची सगळी दारं उघडली, बाहेरच्या एअरलॉकसकट. इंजिनवरचा माणूस काढून मेडबेत आणला. पॉज सोडला. खोल्या हळूहळू गुलाबी होत गेल्या, हवा बाहेर चालली होती. मँटिस पुढच्या दारावर तुटून पडले. दारं मी दुसऱ्या सेक्टरमध्येच पक्की करून घेतली होती, त्यामुळे ते तिथे अडकले. दार तुटलं तेव्हा दोघांचंही आयुष्य पाव उरलेलं, आणि ते शिरले ते थेट मेडबेत, जिथे माझी तीन माणसं मार खाता खाता बरी होत होती. एक गोळीही न झाडता दोन मँटिस संपले. ही युक्ती मला कोणत्याही ट्युटोरियलने सांगितली नव्हती. दारं, हवा, वीज या साध्या गोष्टींचे नियम कळले आणि मार्ग आपोआप सुचला. माझ्या मते हेच या गेमचं सगळ्यात मोठं बळ आहे. नियम थोडे, पण ते एकमेकांत असे गुंतलेले की दरवेळी नवीन पेच पडतो.

संगीताबद्दल एक ओळ लिहिल्याशिवाय राहवत नाही. बेन प्रंटीने प्रत्येक चालीची दोन रूपं केली आहेत, एक भटकंतीचं, एक लढाईचं. लढाई सुरू झाली की चाल तीच राहते आणि तिच्यात ढोल उतरतात. जुन्या सिंथेसायझरसारखा आवाज आहे, पण उगीच जुनाट वाटावा म्हणून लावलेला नाही.

आणि आता तक्रार. सात सेक्टर गेम तुम्हाला म्हणतो, जे सापडेल त्यातून स्वतःची वाट काढ. कोणी टेलिपोर्टर घेऊन शत्रूच्या जहाजावर माणसं उतरवतो, कोणी ड्रोन, कोणी आग लावणारे बॉम्ब, कोणी आयनने शील्ड बंद पाडतो. सगळं चालतं. मग आठव्या सेक्टरमध्ये बंडखोरांचं फ्लॅगशिप येतं आणि ते एकच प्रश्नपत्रिका पुढे ठेवतं. तीन टप्पे. पहिल्यात तीन-तीन क्षेपणास्त्रं, जी शील्डला जुमानत नाहीत. दुसऱ्यात ड्रोनचा लोंढा. तिसऱ्यात झोल्टन शील्ड, ज्याच्यातून क्षेपणास्त्रही जात नाही आणि टेलिपोर्टही होत नाही. ज्या जहाजाने सात सेक्टर मजेत काढले, ते इथे दोन मिनिटांत कोसळतं, आणि कोसळल्यावर कळतं की तिसऱ्या सेक्टरपासूनच आपण चुकीचा अभ्यास करत होतो.

दुसरी तक्रार छोटी. प्रसंगांचा मजकूर चांगला लिहिला आहे, पण २५-३० रननंतर (रन म्हणजे एक अख्खा डाव) पाठ होतो. संकटात सापडलेलं स्टेशन, आग, रोगराई, ते राक्षसी कोळी. पहिल्यांदा जिथे काळजात धस्स झालं, तिथे आता वाचायच्या आधीच बोट पर्यायावर जातं.

तुमचा अनुभव सांगा. विशेषतः फ्लॅगशिपबद्दल.

माळरान

धागा आवडला, पण मुख्य दोष राहिला असं वाटतं. नशीब.

मी या गेमला जवळपास दोनशे तास दिलेत, तेव्हा चिडून नाही, विचार करून लिहितोय. तुमच्या मँटिसच्या प्रसंगात तुमची युक्ती होती, मान्य. पण दुसऱ्याच सेक्टरमध्ये दोन शील्डवालं जहाज समोर येतं, तुमच्याकडे सुरुवातीच्याच बंदुका आहेत, आणि सगळ्या दुकानांत फक्त ड्रोन मिळतात, तेव्हा युक्तीला जागाच कुठे उरते? लढाईत मार खाल्लात की स्क्रॅप कमी मिळतं, जे मिळतं ते दुरुस्तीत जातं, मग पुढच्या लढाईला तुम्ही आणखी अशक्त. घसरगुंडी आहे ती. गंमत अशी की ही घसरगुंडी लागली आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या सेक्टरलाच कळतं, पण जहाज फुटायला आणखी तास जातो. तो एक तास मला सगळ्यात जड जातो.

आणि ते कोळी. मदतीला जा म्हटलं की कधी बक्षीस, कधी खलाशी गेला. का गेला? फासा. मला सांगा, यात माझा निर्णय कुठे आहे?

खडूफळा

माळरान, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला पटतो, तो शेवटी लिहितो. आधी न पटलेला.

मेंढीकोट खेळला असाल. १३ पानं हातात येतात, एकही मेंढी नाही, हुकूम दुसऱ्याकडे. तो डाव गेला असं आपण म्हणतो का? भिडूच्या पानांचा अंदाज घेतो, नको ती पानं आधी काढतो, चारपैकी निदान एक मेंढी तरी वाचते का बघतो. एखादा डाव पानांवर जातो, पण रात्रभर बसलं की कोणाला खेळता येतं ते दिसतंच. एफटीएल तसाच आहे. हार्ड पातळीवर, जी २०१४ च्या अ‍ॅडव्हान्स्ड एडिशनबरोबर आली, सलग रनमागून रन जिंकणारे खेळाडू आहेत. काही जण तर पॉजसुद्धा करत नाहीत. नशीबच सगळं ठरवत असतं तर हे शक्य झालं नसतं.

दोन शील्डवालं जहाज आणि हातात फक्त सुरुवातीच्या बंदुका, हाच पेच घेऊ. केस्ट्रेलला सुरुवातीला बर्स्ट लेझर २ असते, तीन गोळ्या, १२ सेकंदांत भरते. दोन गोळ्या दोन शील्ड पाडतात, तिसरी आत जाते, आणि शत्रूने एक जरी चुकवली तर आत काहीच जात नाही. बरेच जण ऑटोफायर लावून ठेवतात आणि म्हणतात नशीब वाईट. पॉज करून आर्टेमिस क्षेपणास्त्र आधी त्यांच्या शील्डच्या खोलीवर सोडा. ते शील्डला न जुमानता जातं. ती खोली बिघडली की थर कमी होतो, आणि त्याच क्षणी तीन गोळ्या त्यांच्या बंदुकांच्या खोलीवर. क्षेपणास्त्र खर्च होतं, पण त्याच दिवसासाठी ते असतं. आणि तरीही जमत नसेल तर इंजिन भरेपर्यंत तग धरून उडी मारून निघून जा. मी माझ्या पहिल्या ५० रनमध्ये एकदाही पळालो नव्हतो. पळणं हीसुद्धा चाल आहे हे फार उशिरा कळलं.

कोळ्यांचं म्हणाल तर तो प्रसंग नाकारता येतो. निळा पर्याय असेल, म्हणजे जहाजावर योग्य ड्रोन असेल, तर जायचं, नसेल तर नाही. माझा नियम साधा आहे: ज्यात खलाशी जाऊ शकतो तिथे निळ्या पर्यायाशिवाय हात घालायचा नाही. चौथा खलाशी पंचवीस-तीस स्क्रॅपपेक्षा मोलाचा असतो.

आता पटलेला अर्धा भाग. कोणत्या प्रसंगात किती धोका आहे हे गेम सांगत नाही. ते शंभर वेळा मरून पाठ करावं लागतं किंवा कोणी विकीवर लिहून ठेवलेलं वाचावं लागतं. शिकणं आणि पाठ करणं यात फरक आहे, आणि इथे गेम तो पुसून टाकतो. मी रोज वर्गात हेच बघतो, म्हणून मला ते जास्त बोचतं.

दिवेलागण

मी तुमच्याइतकी तरबेज नाही, ईझीवर खेळते आणि माझ्या ११ वर्षांच्या मुलासोबत खेळते. पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

हँगरमध्ये खलाशांची नावं बदलता येतात. आमच्या जहाजावर आजी चालक असते, मामा इंजिनवर आणि आमच्या शेजारच्या काकू बंदुकांवर. प्रसंगांचा इंग्रजी मजकूर मी मोठ्याने मराठीत सांगते, मग आम्ही दोघं चर्चा करून पर्याय निवडतो. एका रविवारी जहाजाच्या नाकाला आग लागली. चालकाच्या खोलीत आजी एकटी. तिला बाहेर काढलं तर जहाज कोणी चालवणार नाही, आणि चालक नसेल तर एकही गोळी चुकवता येत नाही. समोरून क्षेपणास्त्र सुटलेलं दिसत होतं. मुलाने पॉज केलं आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "आजीला थोडं थांबू दे, क्षेपणास्त्र चुकवलं की लगेच बाहेर काढू." क्षेपणास्त्र चुकलं. आजी मात्र मेडबेच्या दारात पोचता पोचता गेली.

तो रडला. मग त्याने स्वतःच जेवताना सांगितलं की बाहेरची दारं आधी उघडून हवा सोडली असती तर आग विझली असती, आजीला उठावंही लागलं नसतं. त्या आठवड्यात त्याने माझ्या आईला फोन करून ही सगळी गोष्ट सांगितली, आणि तिने मन लावून ऐकली.

म्हणून रेट्रो चित्रांबद्दल माझं मत सांगते. खलाशी म्हणजे बोटाच्या नखाएवढं पिक्सेलचं माणूस, चेहरा नाही, आवाज नाही. त्यामुळेच तिथे आजी बसवता येते. मोठ्या गेममधल्या खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यावर आपली आजी बसत नाही.

दोष म्हणाल तर मजकूर. जुन्या लॅपटॉपवर अक्षरं बारीक, वाचताना डोळे ताणावे लागतात. आयपॅडवर आम्हाला जास्त सोयीचं जातं. दारं बोटाने उघडायला मुलालाही बरं पडतं.

माळरान

दिवेलागण ताई, सुंदर लिहिलंत. आजीच्या जागी माझाही एक खलाशी आठवला, सातव्या सेक्टरपर्यंत आलेला एन्जी (यंत्रासारख्या जमातीतला).

खडूफळा सर, मेंढीकोट मान्य. तुमचा पळून जाण्याचा मुद्दा मी कधी धरलाच नव्हता, हेही कबूल. पण मग मी माझं म्हणणं जरा नेमकं करतो. नशिबाला माझा विरोध नाही, आंधळ्या नशिबाला आहे. मेंढीकोटात माझी १३ पानं मला दिसतात. दिसलेल्या पानांवर हरलो तर वाईट वाटत नाही.

याच दोघांनी २०१८ मध्ये इन्टू द ब्रीच केला. ८ बाय ८ चा पट, आणि शत्रू पुढच्या चालीत कुठे, कोणावर हल्ला करणार हे आधीच दाखवतो. तिथे मी हरलो की मला लगेच कळतं मी कुठे चुकलो. मला वाटतं एफटीएलमधलं हेच दुखणं त्यांनाही जाणवलं असणार, नाहीतर पुढचा गेम इतका उघडा करायचं कारण नव्हतं.

आणि क्रिस्टल हे गुप्त जहाज! गुप्त सेक्टरमधून ते मिळवायचं तर आधी खराब झालेला स्टॅसिस पॉड सापडायला हवा. मग झोल्टन लोकांच्या सेक्टरमध्ये तो उघडून देणारं संशोधन केंद्र मिळायला हवं. मग त्यातून निघालेला क्रिस्टल खलाशी जिवंत ठेवून रॉक लोकांच्या मायदेशात योग्य बीकन (नकाशावरचा थांबा) गाठायचं, तेव्हा कुठे गुप्त सेक्टर उघडतो. हे सगळं एकाच रनमध्ये, क्रमाने. नकाशात झोल्टन सेक्टर आलाच नाही तर खलास. यात कसब कुठेच नाही. मी तीन वेळा पॉड उघडेपर्यंत पोचलो आणि तिन्ही वेळा पुढे रॉकचं मायदेश वाटेत नव्हतं.

गंजकेकुलूप

क्रिस्टलबद्दल शंभर टक्के सहमत. ज्याला ते जहाज पहिल्या दहा रनमध्ये मिळालं तो भाग्यवान.

अवांतर: याला रोगलाइक म्हणावं का यावरून वाद आहे, तो इथे थोडा नोंदवतो. १९८० च्या रोगमध्ये अक्षरांनी काढलेली तळघरं होती, @ म्हणजे तुम्ही, प्रत्येक वेळी नवीन रचना आणि मेलात तर पहिल्यापासून. २००८ मध्ये बर्लिनला जमलेल्या मंडळींनी रोगलाइकची लक्षणं लिहून काढली, त्यात पाळीपाळीने चालणारा खेळ आणि चौकटींवरची हालचाल हेही होतं. त्या हिशोबाने एफटीएल बसत नाही, कारण इथे वेळ वाहता आहे. पण मला विचाराल तर पॉज हाच त्यावरचा तोडगा आहे. पॉज करून हुकूम दिले की ती पाळीच झाली, फक्त तिची लांबी आपण ठरवतो. म्हणून मी याला रोगचा नातूच मानतो.

२०१३ च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये याला उत्कृष्ट रचनेचं आणि प्रेक्षकांच्या पसंतीचं, अशी दोन्ही पारितोषिकं मिळाली होती. कारागिरांना आणि गिऱ्हाइकांना एकच वस्तू आवडणं दुर्मीळ असतं.

नवशिका

वाचून काल गेम घेतला. चार वेळा खेळलो, चारही वेळा तिसऱ्या सेक्टरच्या आत मेलो. सर, सुरुवात नेमकी कशी करायची ते लिहाल का? आणि स्क्रॅप आधी कशावर घालायचं?

खडूफळा

स्वागत. चार वेळा मेलात म्हणजे अगदी बरोबर चाललंय.

पहिलं काम शील्ड. दुसरा सेक्टर संपेपर्यंत शील्डचे दोन थर झाले पाहिजेत, म्हणजे शील्डला चार बार. बाकी मोह सगळे नंतर. त्यानंतर दारं एक पायरी वाढवा, स्वस्तात होतात आणि शून्यप्रहर यांनी वर लिहिलेला प्रसंग तुम्हालाही जमेल.

लढाईत सगळ्यात आधी शत्रूच्या बंदुकांची खोली. त्यांच्या बंदुका बंद पडल्या की तुमच्याकडे वेळच वेळ असतो. ऑटोफायर बंद ठेवा. दोन बंदुका असतील तर दोन्ही भरू द्या आणि एकदमच सोडा. एकेक गोळी सोडली की त्यांचं शील्ड मधल्या वेळात परत उभं राहतं आणि सगळी मेहनत वाया. बीम बंदूक मिळाली तर लक्षात ठेवा, बीम कधी हुकत नाही, पण शील्ड उभं असेल तर थर आहेत तितकी तिची ताकद कापली जाते. म्हणून आधी लेझर आणि शील्ड खाली गेलेलं दिसताच बीम.

नकाशावर सरळ बाहेर पडण्याच्या दिशेने धावू नका. ताफा पोचायच्या आत जितक्या बीकनवर जाता येईल तितक्यांवर जा, कारण स्क्रॅप तिथेच आहे. नेब्युलात (वायूच्या ढगात) ताफ्याचा वेग मंदावतो, तिथे जास्त फिरता येतं. मात्र नेब्युलात आयन वादळ असेल तर रिअ‍ॅक्टरची वीज निम्मी होते, ते बघून आत जा. आणि दुकान समोर आलं तर खिशात काहीतरी असू द्या. रिकाम्या हाताने दुकानासमोर उभं राहण्यासारखं वाईट काही नाही.

शून्यप्रहर, तुमच्या फ्लॅगशिपबद्दल. नॉर्मलवर पहिल्या टप्प्यात त्याच्या चारही तोफांच्या खोल्या जहाजाच्या बाकी भागापासून तुटलेल्या असतात आणि प्रत्येकीत एकच माणूस असतो. टेलिपोर्टरने दोन खलाशी क्षेपणास्त्रांच्या खोलीत उतरवा, तो एकटा मरतो, खोली फोडता येते आणि दुरुस्त करायला कोणी येऊच शकत नाही. मेलेला माणूस पुढच्या टप्प्यांतही परत येत नाही. त्याचे सगळे खलाशी मात्र मारू नका. सगळे मेले की जहाजाचा ताबा संगणक घेतो आणि स्वतःच दुरुस्ती करत राहतो. एखादा तोफेच्या खोलीत जिवंत सोडून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात मोठा मारा व्हायच्या आधी पडद्यावर इशारा येतो, क्लोकिंग तेव्हासाठी राखून ठेवा.

तांबडंफुटलं

माझा अनुभव वेगळ्या दिशेचा. ज्यांना प्रसंग पाठ झालेत, त्यांनी मॉड (चाहत्यांनी गेममध्ये घातलेली भर) बघा. मल्टिव्हर्स नावाचा मॉड आहे, त्यात जहाजं, जमाती, प्रसंग इतके भरलेत की मूळ गेम त्याच्यापुढे प्रस्तावना वाटतो. लोकांनी वर्षानुवर्षं फुकट काम करून हे उभं केलं आहे. मात्र नव्याने आलेल्यांनी आधी मूळच खेळावा. मॉडमध्ये प्रत्येक पर्यायाला आणखी पाच फाटे आहेत, आणि सुरुवातीला सांगितलेली जी थोड्या नियमांची गुंफण आहे ती त्या गर्दीत दिसेनाशी होते. मी स्वतः तीन महिने मॉड खेळून पुन्हा मूळ गेमकडे आलो, आणि केस्ट्रेलच्या त्या तीन खलाशांना बघून बरं वाटलं.

तक्रारीत एक भर: ड्रोन. ड्रोनचे सुटे भाग संपतात, क्षेपणास्त्रं संपतात, पण लेझरला फक्त वीज लागते. म्हणून शेवटी सगळे लेझरकडेच वळतात. आणि टेलिपोर्टरने शत्रूचे खलाशी मारून जहाज अखंड मिळवलं की बक्षीस जास्त मिळतं, त्यामुळे ज्याला हे कळलं तो दुसरं काही करतच नाही. इतके मार्ग दिलेत, पण दोनच फायद्याचे निघतात.

शून्यप्रहर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मी घरी वाचून दाखवला.

शनिवारी रात्री खडूफळा सरांनी सांगितलं तसं केलं. तिसऱ्या सेक्टरच्या दुकानात टेलिपोर्टर आणि ड्रोन कंट्रोल दोन्ही होते. माझ्याकडे आधीच एक चांगला हल्ल्याचा ड्रोन सापडलेला होता आणि मला तो वापरून बघायचा होता. पण फ्लॅगशिप डोळ्यांसमोर आलं आणि टेलिपोर्टर घेतला. ड्रोन विकला. सहाव्यात क्लोकिंग घेतलं. आठव्यात एक रॉक आणि एक मँटिस क्षेपणास्त्रांच्या खोलीत उतरवले, तिथला माणूस पडला, खोली फोडली, दोघांना परत आणलं. त्या टप्प्यात ती तीन क्षेपणास्त्रं पुन्हा आली नाहीत. दुसऱ्या टप्प्यात ड्रोनांचा इशारा आल्याबरोबर क्लोक. तिसऱ्यात झोल्टन शील्ड सोलायला वेळ लागला, माझं हल ७ वर आलं होतं, ऑक्सिजनची खोली जळत होती आणि मी ती तशीच जळू दिली, कारण वीज बंदुकांना हवी होती. फ्लॅगशिप फुटलं. खोलीत एकट्यानेच टाळी वाजवली.

आनंद झाला, खूप झाला. पण तो ड्रोन माझ्या मनातून जात नाही. पाच सेक्टर आधी मी तो विकला, तो समोरच्या शत्रूसाठी नाही, शेवटच्या एका शत्रूसाठी. माझी मूळ तक्रार नेमकी हीच होती आणि जिंकूनही ती तशीच आहे. माळरान, तुमचा आंधळ्या नशिबाचा मुद्दाही मी वरच्या तक्रारींत धरतो, फक्त पळून जाण्याचं सरांनी सांगितलेलं मी या रनमध्ये दोनदा केलं आणि दोन्हीदा रन वाचला.

कोणी नॉर्मलवर फक्त ड्रोनच्या जोरावर, टेलिपोर्टर न घेता फ्लॅगशिप पाडलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. कोणतं जहाज, कोणते ड्रोन, सुटे भाग कसे पुरवले आणि दुसऱ्या टप्प्यात काय केलं. पुढचा रन मी एन्जींच्या टोरस या जहाजावर करणार आहे, त्यात ड्रोन पहिल्यापासूनच मिळतो.

नवशिका

सर, दारं पक्की केली. पाचव्या सेक्टरपर्यंत पोचलो!